मदत हवी आहे: लोणारपासून १०-१२ किमीवर उल्केचा तुकडा सापडू शकतो का?

वावरातला_बंड्या

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा सांगा. आमचं वावर सुलतानपूरच्या बाजूला आहे, लोणारपासून धरा दहा-बारा किलोमीटर. काकांनी नवी विहीर खणायला घेतली त्यात पुरुषभर खोलीवर एक धोंडा निघाला, सोललेल्या नारळापेक्षा जरा मोठा, जड, बाहेरून काळपट-तांबूस आणि जिथे टिकाव लागून टवका उडालाय तिथे आत पांढरे ठिपके दिसतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक लावलं तर चिकटलं, झालं, गावभर बोंब की उल्का सापडली. आता कोणीतरी एजंट रोज फोन करतोय, लाखात घेतो म्हणतो पण टेस्टिंगचे पाच हजार आधी तुम्ही भरा. काका भरायला निघालेत, मला मात्र खटकतंय.

तर प्रश्न असा की एवढी मोठी उल्का आदळल्यावर तिचे तुकडे आणि उडालेला मलबा नेमका किती लांब जातो? नेटवर एक जण म्हणतो विवराच्या काठापाशीच, दुसरा म्हणतो शेकडो किलोमीटर.

मुरूम_आणि_माती

बंड्याभौ, पहिलं काम, त्या एजंटला एक रुपया देऊ नका.

आता प्रश्नाचं. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. विवरातून उडालेला मलबा म्हणजे आपलाच काळा दगड, बेसॉल्ट, उल्का नाही. लोणारचं विवर साधारण १.८ किमी रुंद, आणि त्याच्याभोवती या मलब्याची सलग चादर काठापासून सव्वा-दीड किलोमीटरपर्यंतच आहे. कारण जाडी फार झपाट्याने उतरते, मोठा हिशोब असा की केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की जाडी आठव्या हिश्श्यावर, तिप्पट झालं की सत्ताविसाव्या. काठावर वीस मीटर धरली तर तिप्पट अंतरावर मीटरभरही उरत नाही. त्यापुढे सुटे धोंडे नि बारीक चुरा. शिवाय काठावर थर उलटे पडलेले असतात, खालचा दगड वर आणि वरचा खाली, गोधडीची कड दुमडावी तसे.

खुद्द उल्केचे तुकडे ही वेगळी भानगड. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाचं विवर बघा, १.२ किमी रुंद, वय ५० हजार वर्षांच्या आसपास, लोखंडी उल्का, आणि तुकडे भोवतीच्या माळावर काही किलोमीटरपर्यंत सापडलेत, सगळ्यात मोठा ६३९ किलोचा. तरी मुख्य ऐवज आदळतानाच वितळून नि वाफ होऊन गेला. बॅरिंजर नावाच्या गृहस्थाने १९०३ पासून तळाखाली लोखंडाचा गोळा असेल म्हणून खणून खणून पैसा घालवला, गोळा काही नव्हताच. म्हणजे नुसत्या अंतराचा विचार केला तर दहा किमी अशक्य म्हणणार नाही मी. पण अ‍ॅरिझोना वाळवंट आहे, लोणार नाही. लोणारचं वय आर्गॉन पद्धतीने (दगडातल्या आर्गॉन वायूवरून वय काढतात ती) पावणेसहा लाख वर्षांच्या घरात निघालंय, एवढे पावसाळे खाऊन लोखंड टिकतं कशाला? लोणारला उल्केचा धडधडीत तुकडा आजवर मिळालेला नाही, १९७०च्या दशकात तळात बोअर मारले तेव्हा धक्क्याने बदललेला, काचेसारखा झालेला बेसॉल्टच मिळाला. मलब्यात वितळून बनलेले काचेचे बारीक मणी मिळतात, पण ते भिंगाखाली बघायचे.

रात्री_आकाश

शेकडो किमी म्हणणारा पण खोटा नाही हां. जर्मनीत रीस नावाचं २४ किमीचं विवर आहे, त्यातून उडालेली हिरवी काच चेक देशात २००-४५० किमीवर मिळते. पण ते विवर केवढं नि आपलं केवढं!

आणि रशियातल्या चेल्याबिन्स्कची उल्का, २०१३. ती हवेतच साधारण ३० किमी उंचीवर फुटली, तेव्हा तिथे विवर नाहीच, तुकडे मात्र लांबट पट्ट्यात कित्येक किलोमीटर पडले. बारके अलीकडे, मोठे पुढे, कारण जड तुकड्याचा वेग हवेत लवकर मरत नाही. एक मोठा तुकडा तर गोठलेल्या तलावात बर्फाला भोक पाडून गेला.

मुरूम_आणि_माती

बरोबर. बंड्याभौ, लोहचुंबकावर जाऊ नका, आपल्या बेसॉल्टमध्येच मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज) असतं, चांगलं चुंबक कुठल्याही काळ्या धोंड्याला थोडंफार चिकटतंच. त्यापेक्षा वजन करा, मग काठोकाठ भरलेल्या बादलीत दगड सोडा आणि सांडलेलं पाणी मोजा. ग्रॅममधल्या वजनाला मिलीमधल्या पाण्याने भागा. तीनच्या आसपास आलं तर लोखंडी उल्का विसरा, तिथे साडेसात-आठ यायला हवं.

वावरातला_बंड्या

केलं. किराणावाल्याच्या काट्यावर २ किलो ७०० ग्रॅम, पाणी सांडलं ९०० मिली. म्हणजे बरोब्बर तीन. एजंटला म्हटलं टेस्टिंगचे पैसे तुमच्या किमतीतून कापा, तर म्हणे कंपनीचा नियम नाही. काका अजून म्हणतात की लोखंडी नसेल तर दगडी असेल.

मुरूम_आणि_माती

दगडी उल्का पण बहुतेक तीनच्या बरीच वर जाते, सव्वातीन-साडेतीन. आणि ते पांढरे ठिपके जर गोल पोकळ्या भरल्यासारखे दिसत असतील तर लाव्हातले वायूचे बुडबुडे होते नि मागाहून त्यात झिओलाइट नावाचं पांढरं खनिज भरलं, उल्केत असलं काही नसतं. टवक्याचा फोटो उजेडात काढून टाका, शेजारी नाणं ठेवा. काकांची खात्री होत नसेल तर नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ऑफिस आहे, तिथे दाखवा, उल्कांचं काम सरकारतर्फे तेच बघतात. दगड फोडू मात्र नका, आणि धुवायला अ‍ॅसिड तर अजिबात नको.