ठाण्याचा किल्ला बघायला गुन्हा करावा लागतो का?

चेंदणीकर :
रविवारी भाच्याला कळवा पुलापाशी नेऊन म्हटलं, "तो बघ आपला किल्ला." तो म्हणाला, "मामा, हे तर जेल आहे!" दोघंही बरोबर. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, काम पुरं व्हायच्या आत १७३७ साली मराठ्यांनी घेतला, १७७४ला इंग्रजांकडे गेला आणि आता मध्यवर्ती कारागृह. वसईला डबा घेऊन दिवसभर हिंडतो आपण, घोडबंदरच्या बुरुजावर चढतो, आणि ठाण्याचाच किल्ला तेवढा रस्त्यावरून बघायचा? तुरुंग हलवा, किल्ला उघडा.

खाडीवारा :
हलवून नेणार कुठे? कोर्ट इथे हाकेच्या अंतरावर आहे, रोज तारखांना कैदी न्यावे लागतात. आणि स्टेशनजवळ एवढी जागा रिकामी झाली की कोणाकोणाच्या तोंडाला पाणी सुटेल, ते मी सांगायला नको. तट शाबूत आहे तो पहारा आहे म्हणून. बेलापूरच्या किल्ल्यावर पहारा नव्हता. काय उरलंय तिथे, बघून या.

चेंदणीकर :
बेलापूरला हेळसांड झाली म्हणून इथे कायमचं कुलूप? अहो, इंग्रजांच्या कैदेत असलेले पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ला इथूनच निसटले. बाहेर घोड्याला खरारा करता करता मोतद्दार गाण्यातून निरोप द्यायचा आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता, असं सांगतात. ही गोष्ट त्या भिंतीखाली उभं राहून ऐकण्यात मजा आहे. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे इथेच फाशी गेले, १८४८ला. १९१०च्या १९ एप्रिलला, नाशिकचा कलेक्टर जॅक्सनच्या वधाबद्दल, अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे. पोरांनी हे फक्त पुस्तकात वाचायचं?

कोर्टनाक्याची_काकू :
कान्हेऱ्यांचं नाव घेता म्हणून विचारते, ती जागा सेल्फीसाठी उघडायची का? वसईत चर्चच्या भिंतींवर बदाम आणि बाण कोरलेले पाहिलेत मी, शेजारी प्री-वेडिंगवाले.

पायवाट :
येरवड्यात २०२१च्या २६ जानेवारीपासून कारागृह पर्यटन आहेच की. तुरुंग राहू दे, शाळांच्या मुलांना गटागटानं फाशीची जागा दाखवा.

खाडीवारा :
हे चालेल. क्षमतेच्या कितीतरी पट कैदी आत कोंबलेत तेही दिसेल पोरांना.

चेंदणीकर :
मला नाही पटत. भाच्याला तटावरून खाडी दाखवायचीय मला, रांगेत उभं राहून कोठडी नव्हे.