लेदर कोरल मिटलेलेच, चाचण्या मात्र ठीक

प्रश्न: माझ्या २०० लिटरच्या सागरी टाकीतील लेदर कोरल या मऊ प्रवाळाचे पॉलिप (त्याचे फुलासारखे दिसणारे छोटे जीव) आठवडाभर बाहेर आलेले नाहीत आणि त्याच्यावर मेणचट, तपकिरी साय धरली आहे. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २५ अंश, नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्य आहेत. आणखी काय तपासावे?

उत्तर १: लेदर कोरल अधूनमधून अशी कात टाकतेच, त्यामुळे केवळ सायीवरून घाबरू नका. पाण्याचा प्रवाह थेट अंगावर न सोडता आजूबाजूने खेळता ठेवलात, तर साय सुटून जाईल.

उत्तर २: मला ते दोन शून्य अधिक खटकतात. कोरलच्या ऊतींत राहणाऱ्या शैवालांना थोडे नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतेच. नायट्रेट ५ व फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या (दशलक्षात भाग) आसपास असू द्यावे. फॉस्फेट शोषणारे माध्यम वापरत असाल, तर ते हळूहळू कमी करा. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) किती आहे, हे आपण लिहिलेलेच नाही!

प्रश्नकर्ता: अल्कलिनिटी ८.५ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) असून ती स्थिर आहे. माध्यम वापरतो, ते आता निम्मे करतो. शेजारच्या हॅमर कोरल या दगडी कोरलनेही अंग चोरले आहे.

उत्तर ३: मग सक्रिय कोळसा ताजा घाला, कारण लेदर कोरल पाण्यात सोडत असलेली टर्पीन वर्गातील रसायने दगडी कोरलांना जाचतात. दोघांमधले अंतरही वाढवा.