मदत हवी आहे: टीनातून वर गेलेल्या पाइपाच्या बाजूनं पाणी गळून राहिलं, खाली मीटर आहे

काळी_माती: नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला गाव आहे आमचं. घर मातीच्या भिंतीचं, आधी कवेलू होते, ते काढून बाबांनी टीनं टाकली. लाइनची सर्विस वायर ज्या लोखंडी पाइपातून घरात येते तो पाइप टीनाला भोक पाडून वर गेलेला आहे, टीनाच्या वर पुरुषभर तरी असेल, आणि त्याच्याच भोवतीनं पाणी येते. साधी सर येऊन गेली तर काही नाही, पण झड लागली आणि वारा सुटला की पाइपावरून ओघळ सुरू होते ते थेट मीटरच्या लाकडी पाटीपर्यंत. पाटीचा वरचा कोपरा फुगून त्याचे पापुद्रे निघाले आहेत आणि स्क्रूच्या भोवती गंजाचा डाग पसरला आहे.

एम-सील लावून झालं, त्यावर डांबर झालं, गावातल्या मिस्त्रीनं सिमेंटही भरून दिलं. एक पावसाळा टिकते, उन्हाळा गेला की पुन्हा तेच. काल वर चढून पाहिलं तर एम-सीलचं कडं पाइपाला घट्ट आहे पण टीनापासून सुटलं आहे, मधात नख जाईल एवढी फट. त्याच खोलीत आई झोपते, खताच्या बॅगा तिथंच, लेकरं तिथंच खेळतात. पोळ्याच्या आधी हे काम एकदाचं पक्कं करायचं आहे. कोणी असं काम केलं असेल तर नीट सांगा, वेळ लागला तरी चालते.

जुना_वायरमन: भाऊ, आधी एक काम कर, पाऊस चालू असताना त्या पाइपाले आणि टीनाले हात लावू नको आणि लेकरायले तिकडे जाऊ देऊ नको. कालसारखं वर चढू नको आता. मी पूर्ण नोकरी खांबावर काढली म्हणून सांगतो. लोकायले वाटते मेन स्विच पाडला की झालं. नाही होत. मेन स्विच मीटरच्या नंतर असतो, सर्विस वायर त्याच्या आधीची आहे, ती चालूच राहते. घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन पाडणारा स्विच, बसवला असला तरी त्याच्या आधीच्या वायरीले तो पाहत नाही. पाइपाच्या तोंडाशी वायर हलून हलून घासते, वरचं प्लास्टिक कापल्या जाते, मग पाइप आणि त्याच्यासोबत सारं टीन करंट धरते. म्हणून वरचं काम लाइनमनले बोलावून खांबावरून सप्लाय तोडल्यावरच करजा. आणि पाइपाचं वरचं तोंड कसं आहे ते सांग, उघडं आहे की खाली वाकवलेलं?

काळी_माती: काका, तोंड सरळ वर आहे, त्यावर प्लास्टिकची पन्नी बांधली होती ती उडून गेली.

जुना_वायरमन: मग अर्धं पाणी पाइपाच्या आतून येत असन. तोंडाले खाली वाकलेला बेंड बसवा लागते. आणि वायर आत शिरायच्या आधी तिले खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून आलेलं पाणी झोलाच्या बुडाशी टपकून जाते, आत येत नाही.

पाणी_आणि_वारा: मी मूळचा दिग्रसचा, बरीच वर्षं मुंबईकडे शिडाच्या बोटींच्या रिपेरिंगचं काम केलं. तुमचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं कारण हा अगदी डोलकाठीचा प्रश्न आहे. मोठ्या बोटीत डोलकाठी डेकला, म्हणजे बोटीच्या वरच्या तळाला, भोक पाडून आरपार खाली बुडापर्यंत जाते आणि पावसाचं पाणी त्या भोकातून खाली झोपायच्या जागेत गळतं. तिथंही नवीन माणूस पहिल्यांदा फटीत सिलिकॉन भरतो, आणि तेही निघतं. कारण वाऱ्यानं डोलकाठी हलते, डेक वेगळा हलतो, दोघांच्या मधात भरलेली कोणतीही कडक वस्तू कुठल्यातरी एका बाजूनं सुटणारच. तुमचं कडं टीनापासून सुटलं ते याचमुळं. आपल्याकडे तर उन्हाचीही भर आहे, १० फुटाचं लोखंडी टीन ४० अंशांच्या फरकानं साधारण दीड मिलिमीटर लांबतं आणि मे महिन्यात दुपार ते पहाट एवढा फरक टीनाला रोजच पडतो.

म्हणून बोटीवर दोन कामं वेगळी ठेवतात. डोलकाठी धरायचं काम पाचरी करतात, त्या भोकात ठोकलेल्या असतात आणि त्यांच्याकडून पाणी अडवायची अपेक्षाच नसते. पाणी अडवतो वरून चढवलेला रबराचा बूट. तुम्हीही पाइप आधी हलायचा थांबवा, खाली बल्लीला दोन ठिकाणी क्लॅम्प, आणि सर्विस वायर ज्या बाजूला ओढते त्याच्या उलट बाजूला स्टे, म्हणजे ताणून बांधलेली तार. हे न करता बाकी काहीही केलं तर टिकणार नाही.

मग टीनावर कॉलर. कोठ्या-डबे करणाऱ्याकडून सपाट पत्र्याचा दीड फुटी तुकडा घ्या, मधात पाइपापेक्षा इंचभर मोठी, तीन-चार इंच उंच नळी डागून घ्या. या पत्र्याची वरची कड आढ्याच्या टीनाखाली किंवा वरच्या टीनाच्या जोडाखाली सरकली पाहिजे आणि खालची कड टीनाच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर उतारावरून येणारं पाणी पत्र्याखाली घुसतं. स्क्रू नागमोडीच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात नाही, आणि प्रत्येकाखाली रबरी वॉशर. नळी आणि पाइप यांच्या मधात काहीच भरायचं नाही, तिथं मोकळी जागाच हवी.

त्यावर बुटाच्या जागी चाकाची जुनी रबरी ट्यूब. ट्यूबचा नळा उलटा धरून पाइपावर चढवा, म्हणजे पुढे जे खालचं टोक व्हायचं ते आत्ता वर. आत्ता खाली असलेलं टोक नळीच्या थोडं वर पाइपाला क्लिपनं आवळा आणि मग अख्खी ट्यूब मोजा उलटवतात तशी खाली ओढून नळीवर पाडा. क्लिप आत झाकली जाते, पाण्याला शिरायला वरून सांधच राहत नाही.

टीनवाला_अमरावती: वरच्यांचं बरोबर आहे. रेडिमेड बूटही मिळते, पत्र्याच्या मोठ्या दुकानात डेकटाइट म्हणून मागा, रबराचा शंकू आणि बुडाशी ॲल्युमिनियमची पट्टी असते, ती टीनाच्या नागमोडीप्रमाणे दाबून बसवायची. सिलिकॉन वापरलं तर न्यूट्रल घ्या, व्हिनेगरसारखा वास मारते ते जस्ताच्या टीनावर चालत नाही, खाते. आणि डांबर पूर्ण खरडल्याशिवाय नवीन काहीच चिकटणार नाही, यावर मेहनत करा.

काळी_माती: सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. @पाणी_आणि_वारा दादा, एक अडचण, पाइपाच्या वरून वायर आलेली आहे मग ट्यूब वरून घालायची कशी? आणि पाणी आतून येते की बाहेरून हे काम काढायच्या आधी कसं ओळखू?

पाणी_आणि_वारा: ओळखायचं सोपं आहे पण तेही पाऊस नसताना, लाइनमनकडून सप्लाय बंद करून. घरात, टीनाच्या खाली वीतभर, पाइपाला सुतळीचे दोन-तीन फेरे घट्ट बांधून टोक लोंबतं सोडा. नंतर पाऊस आला की लांबूनच बघायचं. पाणी बाहेरून ओघळत असेल तर ते सुतळीच्या टोकावरून टपकेल. सुतळी कोरडी राहून पाइपाच्या खालच्या तोंडातून मीटरजवळ पाणी आलं तर ते आतलं, त्याला कितीही चांगला बूट चालणार नाही, काकांनी सांगितलेला बेंडच लागेल. पोकळ डोलकाठीतही वरच्या कप्पीच्या खाचेतून असंच पाणी आत उतरतं आणि माणूस डेकवर सिलिकॉन भरत बसतो. सुतळी भिजली आणि खालूनही आलं तर दोन्ही करा.

ट्यूबचं म्हणाल तर बेंड बसवायला वायर काढावीच लागणार, त्याच वेळी ट्यूब घालून घ्या, लाइनमनला तसं आधीच सांगून ठेवा. तेव्हा जमलंच नाही तर ट्यूब उभी चिरून गुंडाळा, चार बोटं एकावर एक येऊ द्या, पंक्चरचं सोल्युशन लावून चिकटवा आणि तो जोड पावसाच्या उलट बाजूला ठेवा. मोटरसायकलची ट्यूब नळीवर पुरणार नाही, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची जुनी ट्यूब पाहा, पंक्चरवाल्याकडे मिळेल. उन्हानं रबर तडकतं, म्हणून वरून जाड ताडपत्रीची पट्टी बांधा आणि दर मृगाच्या आधी ती सोडून एकदा रबर बघत जा.

जुना_वायरमन: आणि ती फुगलेली पाटी बदलून घेजा भाऊ, मीटर ओल्या लाकडावर ठेवू नको. मीटरले स्वतः हात लावू नको, लाइट ऑफिसात अर्ज दे, तेच लोक येऊन करतात.