गुलमर्ग: पोरीला स्की शिकायचं आहे, बाबांना सोबत नेऊ का?

दारव्ह्याचा शेतकरी:
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ आमचं गाव. कापसाची वेचणी आटोपली, तूर घरात आली की गुलमर्गला जायचं ठरवून राहिलो. पोरगी सातवीत आहे, टीव्हीवर स्कीच्या शर्यती पाहिल्यापासून तिचा एकच धोशा. बाबा सत्तरीचे, वावरात चालतात चांगले, पण जिना चढला की धाप लागते. त्यांनी बर्फ म्हणजे रसवंतीवरची लादीच पाहिली, त्यांना घरी ठेवून जायला मन होत नाही. जानेवारीत जावं की फेब्रुवारीत? चार दिवसांत पोरीला काही येईल का? बाबांना वरपर्यंत नेता येते का?

आर्वीचे मास्तर:
भाऊ, बाबांना जरूर न्या, पण गोंडोल्याच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावर नाही. आपला चिखलदरा 1,100 मीटरच्या आसपास, गुलमर्गच 2,650 वर आहे. पहिला टप्पा कोंगडोरीला, 3,000 च्या थोडा वर उतरवतो. दुसरा अफरवट डोंगरावर जवळपास 3,950 पर्यंत जातो, तिथे धडधाकट माणसालाही धाप लागते. कोंगडोरीचंसुद्धा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. खाली गुलमर्गात बसूनही बाबांना पोटभर बर्फ दिसेल.

माझं मत फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. 21 डिसेंबरपासून 40 दिवस चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याची थंडी. पण थंडी आहे म्हणून बर्फ असेलच असं नाही. तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी हवेवर, अवलंबून. 2024 च्या जानेवारीत तिथले उतार बराच काळ बर्फाविना उघडेच होते. 2025 ला तर बर्फ कमी म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा मार्चवर गेल्या.

आणि दोन दिवस मोकळे ठेवाच. ज्या बर्फासाठी जातो, तोच जोरात पडला की पायथ्याच्या तंगमर्गपासूनचा 13 किलोमीटरचा घाट अडतो, चाकांना साखळ्या असल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, गोंडोला थांबतो, श्रीनगरची विमानं रद्द होतात. गुलमर्गवरून सरळ विमानतळ, असा बेत करू नका.

पोरीचं म्हणाल तर शिकायचे सोपे उतार खालीच आहेत. आधी पाचर शिकवतात: स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकलेले, नडगी बुटाच्या पुढच्या कडेला टेकलेली. पोरं भीतीनं मागं झुकतात आणि तिथंच पडतात. तिला घरूनच सांगून ठेवा. बूट भाड्यानं घेताना मोजा एकच घालायचा. दोन घातले की पाय आवळतो आणि बोटं उलट जास्त गारठतात. बूट आवळून जरा वेळ उभी राहू द्या. टाच उचलली जात असेल तर दुसरा जोड मागा, दुकानदाराची भीड धरू नका. चार दिवसांत ती सोप्या उतारावर वळायला आणि थांबायला शिकू शकते. अफरवटचे मोकळे उतार मात्र तिच्यासाठी नाहीत, तिथे हिमस्खलनात माणसं गेली आहेत.

मेळघाटवाली:
दादा, आपण कापूसवाले, तरी अंगाला लागून सुती बनियन नको. घामानं ओलं झालं की वाळत नाही आणि अंग गार पडते. आत लोकरीचं किंवा थर्मल, वरून पाणी न झिरपणारं जाकीट. लांब कोट आणि गमबूट तंगमर्गला भाड्यानं मिळतात. ताज्या बर्फात पाय आपल्या पावसाळी वावरासारखाच रुतते, बाबांना काठी द्या. खोलीत बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी) पेटवली तर खिडकी थोडी उघडी ठेवा, रात्री विझवूनच झोपा. बंद खोलीत साचलेला विषारी वायू दिसत नाही आणि जीव घेतो. फोन प्रीपेड असेल तर तिथे चालत नाही, पोस्टपेड करून घ्या.

दारव्ह्याचा शेतकरी:
मास्तर, ताई, लय उपकार. फेब्रुवारीच धरतो, बाबांना डॉक्टरकडे या सोमवारी नेतो. विमान परवडत नाही, रेल्वेनं कसं जमेल?

आर्वीचे मास्तर:
नागपूरवरून वैष्णोदेवीच्या कटऱ्यापर्यंत थेट गाड्या आहेत. कटरा ते श्रीनगर वंदे भारत 6 जून 2025 ला सुरू झाली, तिचं तिकीट वेगळं काढा. लांबच्या गाड्या उशिरा पोचतात, म्हणून मधे एक रात्र कटऱ्याला मुक्काम ठेवा. बाबांचीही पाठ मोकळी होईल.