मोतीच्या केमोसाठी पैसे कुठून उभे करू?

कळव्याहून लिहितोय. आमचा कुत्रा मोती ९ वर्षांचा. गळ्याखाली लिंबाएवढ्या गाठी आल्या, सुईने तपासलं तर लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. भिशी उचलली, तरी केमोला पुरत नाही. बिचारा अजून माझ्या चपलांचा आवाज ओळखून दारात येतो. मदत कुठे मागू?

— परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात दाखवा आधी. लोकलने नको, टॅक्सीच करा. वर्गणी मागताना डॉक्टरांचं खर्चाचं पत्र जोडा, पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात घ्या. लोक बिनधास्त देतात.

— केमो करणार असाल तर प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडच्या गोळ्या) आधी सुरू करू नका, नंतर केमोला दाद कमी मिळते. नुसत्या गोळ्या स्वस्त, पण आराम महिना-दोन महिने.

— बापरे, गोळ्या उद्यापासूनच होत्या! आत्ताच डॉक्टरांना फोन लावतो.