स्थानकावरची ती प्रतीक्षा
आवडत्या आरंभदृश्यांच्या या चर्चेत 'शोले'मधील रेल्वे स्थानकाचा उल्लेख आला, म्हणून सर्जिओ लिओनी यांच्या १९६८ सालच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधील स्थानकाची भर घालतो. आगगाडीची वाट पाहणारे तीन बंदूकधारी, पवनचक्कीची अखंड करकर, एकाच्या टोपीवर ठिबकणारे पाणी आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर घोटाळणारी माशी, एवढ्याच सामग्रीवर लिओनी यांनी कित्येक मिनिटे तोलून धरली आहेत. एन्नियो मोरिकोने यांच्यासारखा संगीतकार हाताशी असूनही तेथे पार्श्वसंगीत नाही, हा संयम मला विलक्षण वाटतो. कोणीच उतरले नाही असे समजून तिघे परत फिरतात, गाडी सुटते आणि रुळांच्या पलीकडून माउथ ऑर्गनचे सूर येतात; चित्रपटात कानी पडणारी ती पहिली सुरावट.