गॅसचा दाब कमी केला तरी व्हिस्कॉसिटी तीच कशी?

प्रश्न: कायनेटिक थिअरीत (रेणूंच्या हालचालीवरून वायूचे गुण समजावणारा सिद्धांत) अडकलोय. तापमान तेच ठेवून दाब निम्मा केला की रेणू निम्मे, मग वेगवेगळ्या वेगानं सरकणाऱ्या थरांमधलं घर्षण, म्हणजेच व्हिस्कॉसिटी, तेही निम्मं व्हायला पाहिजे ना? पुस्तकात तर बदलतच नाही म्हणतात.

उत्तर १: अरे रेणू निम्मे झाले खरे, पण टक्कर न होता प्रत्येक रेणू जेवढं अंतर जातो ते दुप्पट होतं ना, म्हणजे तो दुप्पट लांबच्या थरातून संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणतो, निम्मे हमाल पण प्रत्येकाच्या डोक्यावर दुप्पट ओझं, हिशोब तोच. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं १८६० मध्ये हे मांडलं तेव्हा त्यालाही पटायला जड गेलेलं, नंतर स्वतःच प्रयोग करून बघितलं तर खरं निघालं. भारीच!

उत्तर २: हो पण कायम नाही चालत हे. नेहमीच्या हवेत दोन टकरांमधलं ते अंतर जेमतेम ७० नॅनोमीटर असतं, पंप लावून हवा इतकी विरळ केली की ते भांड्याएवढं झालं, की रेणू एकमेकांऐवजी भिंतींवरच आपटत बसतात आणि मग घर्षण दाबाबरोबर कमी होतं. खूप जास्त दाबालाही नियम बिघडतो.

प्रश्नकर्ता: ओके, आणि तापवलं तर?

उत्तर १: व्हिस्कॉसिटी वाढते, द्रवाच्या बरोब्बर उलट. रेणू म्हणजे कडक गोळ्या असं मॉडेल धरलं तर केल्विन तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे, खऱ्या वायूत त्याहून जरा जास्तच.